गोठ्याच्या दारावरचं नाव

हे माझ्या मुलीलाही माहीत नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगायचं ठरवलं, एवढंच.

उंद्रीजवळ आमच्या शेतात काळ्या दगडाचा जुना गोठा आहे. एके काळी तिथं चाळीस बैल बांधत. यजमान गेल्यावर मी बुलढाण्याची नोकरी सोडली आणि त्या गोठ्याच्या सहा खोल्या केल्या, पाहुण्यांसाठी. सगळे हसले. मी हसू दिलं. आज लोणार बघायला येणारे पुण्या-मुंबईचे लोक दोन-दोन महिने आधी खोली धरून ठेवतात. गव्हाणीत हात धुवायचं तांब्याचं भांडं बसवलंय, कडब्याच्या माळ्यावर शिसवी पलंग आहे. मला कामाची नजर आहे, हे सांगताना मी लाजत नाही. म्हणूनच हेही सांगते — जे केलं ते घाबरून नाही केलं. पूर्ण भानावर राहून केलं.

संध्याकाळी पाहुणे ओट्यावर चहाला बसतात, तेव्हा मी त्यांना गोष्ट सांगते. माझ्या आजेसासऱ्यांनी हा गोठा स्वतःच्या हातानं बांधला, एकेक दगड स्वतः घडवला. लोक भिंतीवरून हात फिरवतात, वा म्हणतात. आजेसासऱ्यांनी आयुष्यात थापी धरली नव्हती.

पण एवढंच असतं तर कबुली कशाला? घराण्याच्या बढाया कोण मारत नाही?

खोल्यांचं काम कासमचाचांनी केलं. चिखलीचे गवंडी, सत्तरी ओलांडलेले. चुन्याचं काम जाणणारा दुसरा माणूस मला जवळपास सापडला नाही. एका सकाळी मुख्य दारावरचे रंगाचे थर खरवडताना त्यांचा हात थांबला. त्यांनी मला हाक मारली. चौकटीवरच्या दगडात वाकड्या अक्षरांत कोरलेलं होतं — शेख रहीम, गवंडी.

"माहा बाप," चाचा म्हणाले. "तुमच्या आजेसासऱ्यानंच नाव कोरू देल्लं होतं, बाई. बाप सांगे. म्या आज पाह्यलं."

बराच वेळ ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हा दगड उघडा ठेवजा. बाकी मले काई नोको."

मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी होते. मी दुसरा माणूस बोलावला आणि त्या दगडावर गिलावा मारून घेतला. का? आजेसासऱ्यांची गोष्ट माहितीपत्रकात छापून झाली होती म्हणून? पत्रक काय, पुन्हा छापता आलं असतं. नाव एखाद्या देशमुखाचं असतं, तर मी त्याच्यावर खास दिवा लावला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनच केलं.

चाचा परत आले. काळा चष्मा लावून दाराखाली उभे राहिले, वर बघत. मी म्हटलं, "दगडाला भेग होती चाचा. पाणी मुरलं असतं." भेग नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"हाव," ते म्हणाले. आणि उरलेल्या दोन खोल्या त्यांनी पूर्ण केल्या, पहिल्या चारांइतक्याच नेटक्या.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांची नात आली. नाझिया. नागपूरला आर्किटेक्चर शिकते. आजोबांनी केलेल्या बांधकामांवर ती काहीतरी लिहीत होती. मी तिला बसवलं, चहा दिला. हुशार मुलगी — भिंतीचा जोड बघून चुना कसा मळला होता ते तिनं मला सांगितलं.

मग म्हणाली, "मॅडम, आजोबा शेवटपर्यंत सांगत होते, इथं दारावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. मला त्याचा फोटो हवा होता."

म्हणजे तो दगड मी झाकला, हे त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. माझं नाव त्यांनी सांभाळलं होतं.

काय लागलं असतं? एक छिन्नी, अर्धा तास. पाहुण्यांनाही गोष्ट आवडली असती, कदाचित जास्तच. पण मी ओट्यावर ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात म्हटलं, "असा दगड इथं नाही गं. शेवटी शेवटी त्यांचं डोकं जरा — वय झालं होतं ना त्यांचं."

कासमचाचांचं डोकं माझ्या-तुमच्यापेक्षा शाबूत होतं.

ती दाराकडे बघत राहिली. मग वहीतली एक ओळ खोडली.

"अब्बा पण हेच म्हणायचे," ती म्हणाली. "आजोबांना भास होतात म्हणून. घरात मी एकटीच त्यांच्या बाजूनं भांडायची."

तिनं वही मिटली, चहा संपवला, कप स्वतःच ट्रेमध्ये ठेवला. मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले, चिखलीची गाडी कुठं थांबते ते दाखवलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. "उगाच तुमचा वेळ घेतला."

मी म्हटलं, "असू दे."