पिंगळीची हलकी बॅग

पिंगळीच्या रेल्वे स्टेशनामागच्या गल्लीत सत्यशीलाचं घर कोणीही दाखवतं. नांदेडहून, लातूरहून लांब पल्ल्याचे सायकलवाले तिथे येतात. त्यांना सायकलला लावायच्या बॅगा हव्या असतात, आणि त्या तिच्याच हातच्या, कारण तिची बॅग उचलली तर वाळलेली ओढणी उचलल्यासारखी वाटते. इतकी हलकी बॅग शिवायला कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की ती दोरा दातांनी तोडते आणि "जमलं असंच" एवढंच म्हणते. खोटं बोलते. ती बॅग जमली मत्सरातून, आणि मत्सराला दुसरं काही गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. एका बाईमुळे दुसऱ्या बाईच्या पोटात दुखायला लागलं आणि त्या दुखण्यातून जिल्ह्यातली सगळ्यात हलकी बॅग निघाली.

तिचा नवरा पंडित गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर गुरुजींनी सायकल धरली, आणि मग सायकलनेच गुरुजींना धरलं. सुट्टी आली की परभणीच्या सायकलवाल्यांबरोबर निघायचे, कधी जिंतूरला, कधी देवगाव फाट्यावरून पार जालन्याला. पहिल्या खेपेला कपडे खताच्या गोणीत भरून त्यांनी गोणी कॅरिअरला रबराने बांधली. सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचे ब्लाउज आणि दप्तरं शिवणारी ती, आणि तिच्याच नवऱ्याच्या मागे खताची गोणी. तिने जुन्या जीनची बॅग शिवली. गुरुजींची टाच बॅगेला घासायला लागली तेव्हा ती उसवून खालचा कोपरा तिरपा कापला. सायकलची बॅग म्हणजे काय, ते तिला तिथे कळलं.

पण तिचं खरं सुख बॅगेत नव्हतं. गुरुजी परत आले की हातपाय धुऊन मशीनशेजारी बसायचे आणि गेलेला सगळा रस्ता सांगायचे. कापूस वेचणाऱ्या बायांनी कुठे पाणी दिलं, कुठल्या फाट्यावरचा चहा नुसता पाक होता, कुठल्या विहारात निजायला सतरंजी मिळाली. सत्यशीला परभणीपलीकडे फारशी गेलेली नव्हती, पण नवऱ्याच्या तोंडून तिने अर्धा मराठवाडा पाहिला होता. ते सांगणं तिचं एकटीचं होतं.

मग त्या सांगण्यात राजेश्री आली. परभणीला तहसीलमध्ये कारकून, अंगाने शिडशिडीत, सायकलवर सगळ्यांच्या पुढे. आधी गुरुजींच्या बोलण्यात राजेश्री मॅडम मधूनमधून यायच्या. पुढे पुढे चहाची हॉटेलं आणि कापसाच्या बाया मागे पडल्या आणि मॅडमच उरल्या. मॅडम चढावर कशा उतरत नाहीत, मॅडम सामान किती थोडं घेतात. सत्यशीला हूं हूं करत टीप मारायची आणि टीप वाकडी जायची.

त्यात धाकटी जाऊ बबिता फोन घेऊन आली. फोटोत सगळे सायकलवाले ओळीने उभे, आणि गुरुजींच्या शेजारी नेमकी राजेश्री.

"भावजी लय खुलून दिसायलेत, न्हाई का जाऊबाई?" बबिता म्हणाली. काडी टाकून ती चहा पिऊन गेलीसुद्धा. सत्यशीला दिवसभर धुमसत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत वेरूळपर्यंत जायचं ठरलं, आणि राजेश्री स्वतः पिंगळीला आली. वागायला गोड होती, हे तर आणखीनच वाईट. घर बघितलं, मशीन बघितलं, गुरुजींची जीनची बॅग हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, "ताई, मला सरांसारखीच शिवून द्या."

सरांसारखीच! सत्यशीलाने तोंडभर हसून मजबूत शिवते म्हणून सांगितलं, आणि शब्द पाळला. ताडपत्री दुहेरी घेतली, बुडाला जाड रेक्झिन लावलं. बॅगेची पाठ ताठ राहावी म्हणून एरवी ती मोडक्या ड्रमचं प्लास्टिक घालायची. या खेपेला जुन्या मशीनच्या टेबलाची फळी काढली, बॅगेच्या मापाने कापून घेतली आणि अस्तरात शिवून टाकली. आता ही बया मागे पडणार, घामाघूम होणार आणि देवगाव फाट्यावरून एसटीत सायकल टाकून घरी जाणार. मनातल्या मनात तिने राजेश्रीचं तिकीटही काढून ठेवलं.

गुरुजी वेरूळहून परतले तेव्हा त्यांच्या सायकलला एका बाजूला जीनची बॅग होती आणि दुसऱ्या बाजूला ती फळीची. सत्यशीला दारातच उभी राहिली.

"मॅडमची हाय," गुरुजी म्हणाले. "कडी निखळली, तेवढी नीट करून दे. लय जड गेलं बग त्यांना या खेपंला. एरवी वाऱ्यासारख्या पुढं जातात, आमाला नुसती पाठ दिसती. या खेपंला मागं पडल्या, म्हणून मीबी हळू घेतली. जाता-येता संगंच होतो. लय गप्पा झाल्या."

वर, बॅग किती मजबूत झाली म्हणून मॅडम ताईंचं कौतुक करत होत्या, हेही त्यांनी सांगितलं. सत्यशीला आत जाऊन बसली. म्हणजे इतके दिवस ती बाई पुढे एकटी असायची आणि गुरुजी मागे एकटे. जवळ यायचे ते फोटोपुरते. दोघांना शेजारी शेजारी आणून वेरूळपर्यंत गप्पा मारायला लावलं ते हिच्या फळीने. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि धोंडाही कसा, मापाने कापलेला.

तिने ती बॅग कडीपुरती दुरुस्त केली नाही, सबंध उसवली. फळी भिंतीला टेकवून ठेवली. परभणीला जाऊन छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून मोडक्या छत्र्यांचं कापड आणलं, पातळ आणि पाणी न धरणारं. बक्कल काढून वेलक्रो लावला. जिथे दोन टिपा मारायच्या तिथे एक मारली, पण ती अशी मारली की जन्मात उसवू नये. शिवताना ती बॅग पुन्हा पुन्हा उचलून बघायची. थोडी हलकी झाली की राजेश्री तिच्या डोळ्यांपुढे कोसभर पुढे जायची. आणखी एक पट्टी काढली की आणखी एक कोस. प्रेमाने काय शिवेल कोणी, असं ते काम झालं.

राजेश्री न्यायला आली तेव्हा उचलून बघतच राहिली. अशीच घेऊन जा, सत्यशीला म्हणाली, आणि दारापर्यंत सोडायला गेली.

"मॅडम, आता कुनासाठी थांबायचं काम न्हाई."

राजेश्रीला तो आशीर्वाद वाटला. तिने सत्यशीलाचे दोन्ही हात हातात घेतले.

पुढच्या खेपेहून गुरुजी आले आणि मशीनशेजारी बसले. मॅडम परभणी सुटल्यावर ज्या दिसेनाशा झाल्या त्या मुक्कामालाच भेटल्या, असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि उरलेला वेळ एका म्हशीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा पडला. राजेश्रीने बॅग ज्याला त्याला दाखवली, बघणाऱ्यांनी पिंगळी गाठली, आणि सत्यशीलाचे ब्लाउज मागे पडले.

सगळं सुरळीत झालं असतं. पण एक दिवस गुरुजी म्हणाले, "मलाबी तसलीच हलकी शिवून दे की. मॅडमला गाठायचं म्हणतो एकदा."

मशीन थांबलं. शिवते, ती म्हणाली. बाहेरून तेच छत्रीचं कापड, तोच वेलक्रो, तीच एकेरी टीप. आणि भिंतीला टेकलेली फळी काळ्या दोऱ्याने अस्तराच्या आत.

तेव्हापासून गुरुजी सगळ्यांच्या मागे असतात. साऱ्या मराठवाड्याला हलक्या बॅगा शिवणाऱ्या बाईचा नवरा शेवटी येतो, याला लोक दिव्याखाली अंधार म्हणतात. गुरुजी म्हणतात, वय झालं. सत्यशीला म्हणते, झालंच की. मागे राहतात म्हणून ते कुठेही थांबतात, कोणाशीही बोलतात, आणि घरी आल्यावर त्यांचं सांगणं पहिल्यापेक्षा लांबलचक चालतं.

गेल्या महिन्यात त्या बॅगेचा वेलक्रो सुटला म्हणून तिने ती उलटी केली. अस्तराची एक बाजू उसवून पुन्हा शिवलेली होती. तिची काळी बारीक टीप कोणीतरी कापली होती आणि तिथे हाताने घातलेले लांब, वेडेवाकडे टाके होते, शाळेतल्या वह्या शिवायच्या जाड पांढऱ्या दोऱ्याचे. दोऱ्यावर धूळ बसून तो करडा पडला होता. म्हणजे आजकालचं काम नव्हतं. तिने वरून चाचपून बघितलं. फळी जागेवर होती.

बाहेर ओट्यावर गुरुजी सायकलची साखळी पुसत बसले होते. सत्यशीला त्यांच्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने वेलक्रो बसवला, पांढऱ्या टाक्यांना हात लावला नाही, आणि बॅग होती तशी सुलटी केली.

मत्सर गेला असं मात्र कोणी समजू नये. पुढच्या खेपेहून गुरुजी आले, हातपाय धुऊन शेजारी बसले, तेव्हा तिने खाली बघतच विचारलं, "मॅडम गाठल्या का?"

"न्हाई गं," गुरुजी म्हणाले. "आपल्याच्यानं काय व्हतंय." आणि त्यांनी पिंगळी सुटल्यापासूनचा रस्ता सांगायला घेतला.