दुसऱ्या नंबरचा पिस्टन

कुर्डुवाडीला गाडीत चढून मी गोधडीत गुंडाळलेलं युफोनियम बर्थवर ठेवत होतो, तेव्हा समोरच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "मूल झोपलंय का?"

"सहा वर्षं झोपलंय," मी म्हणालो. "त्याला उठवायलाच दिल्लीला चाललोय."

युफोनियम म्हणजे बँडमधला तो मोठा बाजा, जो मांडीवर बाळासारखा धरावा लागतो. गाण्याचा खालचा, भरदार आवाज त्याचा. आमचा बाजा विलायती. एक लष्करी बँड मोडीत निघाला तेव्हा वडिलांनी तो घेतला. ते जन्मभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवत राहिले. स्वतःची म्हणावी अशी एवढीच वस्तू त्यांच्याकडे होती. बँड मात्र मी काढला, वरातीत डोक्यावर बत्ती धरण्यापासून सुरुवात करून. धाकटा भाऊ दत्तू नंतर आला, शिवून तयार असलेल्या गणवेशात.

तो वेगळा झाला तेव्हा ढोल, ताशे आणि रोषणाईची गाडी त्याला दिली. बाजे मला आले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर युफोनियमच्या तीन पिस्टनांपैकी मधला, दुसऱ्या नंबरचा, जागेवर नव्हता. पिस्टन म्हणजे बोटाखाली खाली-वर होणारा दट्ट्या. एक नसला तर हवा तिथूनच निसटते आणि सगळा बाजा मुका होतो. दत्तूने काही लपवलं नाही. गल्लीच्या पलीकडच्या ओट्यावरून म्हणाला, "बाबांच्या बाजात अर्धा वाटा माझा." तो पिस्टन कुठेही ओळखता येईल असा आहे. बोट ठेवायच्या जागेची शिंपल्याची चकती पडली होती, तिथे वडिलांनी कोटाचं काळं बटण बसवलं होतं.

त्या दिवसापासून मी पलीकडच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. मेरठच्या कारखान्यांना फोटो पाठवले. सगळ्यांचं उत्तर एकच, या मापाचं आता कोणी करत नाही, नवा बाजा घ्या. आता मी साठीला आलोय. बोटं आखडायच्या आत त्या बाजातून सूर काढायचा, आणि दत्तूपुढे हात न पसरता काढायचा, एवढ्यासाठी हा प्रवास.

दिल्लीत मामेबहीण सुमनकडे उतरलो. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, आर. के. पुरममध्ये क्वार्टर आहे. जानेवारीची थंडी होती. सकाळी बाजा बघायला घेतला तर उरलेले दोन पिस्टनही हलेनात. निघताना मी त्यांना आमच्या रीतीने खोबरेल तेल दिलं होतं. आमच्या बार्शीत ते थंडीतही फार तर सायीसारखं होतं, दिल्लीत रात्रीतून मेणासारखं थिजलं. रागाने मी बाजा आपटणारच होतो. सुमनने तो हातातून काढून घेतला आणि बाल्कनीत उन्हात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला.

"मामा, ये क्या यार, ट्रम्पेट आहे का?" तिची मुलगी ईशा कॉलेजला निघता निघता म्हणाली.

"युफोनियम. एक दट्ट्या नाहीये त्याला."

"दट्ट्या मतलब?"

सुमन थालीपीठ उलटत म्हणाली, "मतलब तुझ्या मामाचा हट्ट. दादा, दत्तूच्या दारात जायला तुला दोन मिनिटं लागतात. इथे यायला दोन दिवस घातलेस."

"इथलं थालीपीठ चांगलं असतं," मी म्हणालो आणि विषय संपवला.

दुपारपर्यंत तेल सुटलं. बाजा घेऊन मेट्रोने जुन्या दिल्लीला निघालो. तपासणीच्या यंत्रातून गोधडी गेली आणि पडद्यावर वळलेल्या नळ्या बघून जवान उठूनच उभा राहिला.

"ये क्या है?"

"बाजा है. शादी का."

"बजाके दिखाओ."

"बजता तो दिल्ली काय को आता?" माझा आवाज चढला. मागे रांग खोळंबली. त्याने बाजाची रिकामी नळी पाहिली, तिच्यात बोट घातलं आणि म्हणाला, "अच्छा, दाँत टूटा है. जाओ, ताऊ." ताऊ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. तोही थोरलेपण माझ्याच गळ्यात घालून मोकळा झाला.

जुन्या दिल्लीत वाद्यांची दुकानं ओळीने आहेत. आधी एका गाड्यावर बेडमी (उडदाचं सारण भरलेली पुरी) आणि झणझणीत बटाट्याची भाजी खाल्ली, कारण उपाशीपोटी मला भाव करता येत नाही. पण भाव करायची वेळच आली नाही. प्रत्येक दुकानात काचेमागे चकचकीत नवे बाजे आणि प्रत्येकाचं म्हणणं तेच, "पुराना छोडो, नया लो." एकाने तर माझा बाजा तराजूकडे नेला. पितळेच्या भावाने घेतो म्हणाला. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी ईशाने मोबाइलवर शोधून एक फोटो दाखवला. नोएडाच्या एका सेक्टरमध्ये एक दुकान जुन्या विलायती बाजांचे दिवे करून विकतं. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. कारखाने आणि काचेच्या ऑफिसांच्या मध्ये ते दुकान. आत शिरलो आणि जागीच उभा राहिलो. भिंतीवर कॉर्नेट, ट्रॉम्बोन, हॉर्न. प्रत्येकाच्या तोंडात एक पिवळा बल्ब. कोपऱ्यात एक युफोनियम, आमच्याच घडणीचं, तळाला लाकडी पाट ठोकलेलं. मी दुसऱ्या पिस्टनवर बोट दाबलं. हलला नाही.

"चिपकाया हुआ है, सर," मालक कौतुकाने म्हणाला. "बच्चे निकाल लेते हैं ना."

कधी काळी मिरवणुका गाजवणारा बाजा, आणि त्याला डिंक लावून मुका केलेला. मी मोठ्याने बोलायला लागलो तशी गिऱ्हाईकं बाहेर पडली. मालक घाबरला. मला घालवण्यासाठीच बहुधा त्याने माहिती दिली. हे बाजे तो मेरठहून आणतो, जली कोठी भागातले उस्मान मिस्त्री मोडीतून काढून देतात, सुटे भागही त्यांच्याकडे पडलेले असतात.

मेरठला नुसते फोटो पाठवून फसलो होतो, आता पायांनी गेलो. आनंद विहारहून वेगवान नवी रेल्वे आहे. बाहेर उसाचे ट्रॅक्टर आणि धुकं दिसतं तोवर मेरठ येतंही. पुढे ई-रिक्षा. जली कोठीच्या गल्ल्यांत शिरलं की सगळीकडून पितळ ठोकल्याचा आवाज येतो. देशातल्या निम्म्या वराती इथे जन्मतात असं म्हटलं तरी चालेल.

उस्मान मिस्त्री माझ्याच वयाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी गोधडी सोडली, बाजा फिरवून पाहिला.

"माल असली है. दो नंबर किधर गया?"

"घर का झगडा."

त्यांनी रिकाम्या नळीवर बोट ठेवलं. "उस पे काला बटन था? कोट का?"

"आपको कैसे मालूम?"

"दो जाड़े (हिवाळे) पहले एक आदमी आया था, आप जैसी ही हिंदी बोलता था. रूमाल में लपेटके एक पिस्टन लाया. बोला, ये जिसमें बैठे, वो बाजा दे दो." उस्मानभाई हसायला लागले. "मैंने कहा, मियाँ, लोग कुर्ते के लिए बटन ढूँढते हैं, तुम बटन लेके कुर्ता ढूँढ रहे हो! तीन दिन आता रहा. हर पुराने बाजे में डालके देखा. नहीं बैठा."

माझं डोकं फिरलं. "अरे, मग माझ्याकडे यायला काय झालं होतं त्याला?" मी मराठीतच ओरडलो. "घर के सामने घर है हमारा! सामने!"

"और आप सामने क्यूँ नहीं गए?" उस्मानभाईंनी विचारलं आणि पिस्टनांचा डबा उपसायला लागले.

डब्याच्या तळाशी एक निघाला, त्याच विलायती मापाचा. भाव त्यांनी असा सांगितला की मी उठून चालायला लागलो. कोपऱ्यापर्यंत जाऊ दिलं, मग हाक मारली. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा चहा पुढे केला, साखरेचा नुसता पाक. तिसऱ्यांदा उठायची गरज पडली नाही. माणूस सौदा जाणणारा होता. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पण पिस्टन नळीत अर्धाच जात होता.

"बाल भर मोटा है. बिठाने के लिए नली अंदर से घिसनी पड़ेगी," त्यांनी समजावलं. "एक बात सुन लो. घिसने के बाद वो बटनवाला मिल भी गया, तो ढीला रहेगा. हवा छोड़ेगा. हमेशा. बोलो, घिसूँ?"

"घिसो," मी म्हणालो. सहा वर्षांची चीड होती, एका शब्दात निघाली. दत्तूच्या रुमालात मग नुसतं पितळ उरणार होतं.

त्यांनी बाजा शिकंजात धरला, पिस्टनला घासायचा लेप लावला. तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

मला दया आली होती असं कोणी समजू नये. मी हिशेब करत होतो. नळी घासली की सौदा संपला. नळी न घासता पिस्टन हातात असला की सौदा करता येतो, आणि आता हात पसरायची गरज नव्हती. लेप पुसायला सांगितला, पिस्टन खिशात टाकला, कोपऱ्यावरून गजक (तिळगुळाची कुरकुरीत वडी) घेतली आणि परत फिरलो. सुमन म्हणाली, "म्हणजे रिकाम्या हाताने?" मी गजकचा एक पुडा तिच्या हातात दिला.

बार्शीत उतरलो तो घरी न जाता थेट दत्तूच्या ओट्यावर. तो पेपर वाचत होता. मी गजकचा दुसरा पुडा आणि पिस्टन शेजारी शेजारी ठेवले. त्याने आधी गजक तोंडात टाकली.

"जली कोठीच्या कोपऱ्यावरची," तो म्हणाला. "मिस्त्री अजून तसाच चहा पाजतात?"

"पाजतात. हे बघ दत्तू, हा बसवायचा तर नळी घासावी लागेल. मग तुझ्या बटणाचं काही उरणार नाही. तुझा देतोस, का उद्या बाजा मेरठला पाठवू?"

तो उठून आत गेला आणि रुमाल घेऊन आला. पण माझ्या हातात देईना. "पिस्टन माझ्याकडेच राहणार. वाजवायचं असेल त्या दिवशी मी घेऊन येईन, वाजवून झालं की घेऊन जाईन."

"म्हणजे दर वेळी तुझी वाट बघायची?"

"मग पाठव मेरठला!"

मी ओरडलो, तो ओरडला, गल्ली दारात आली. शेवटी त्याच्याच अटीवर मिटलं. इतका वाईट सौदा मी आयुष्यात केला नाही.

गोधडी ओट्यावरच सोडली. दत्तूने पिस्टन पुसला, नळीत सोडला. बटण खाली सरकत गेलं आणि जागेवर बसलं. मग त्याने बाजूची छोटी नळी ओढून पिस्टन दाबला. बाटलीचं बूच निघावं तसा 'पॉप' आवाज आला. हवा कुठूनही निसटत नव्हती.

"फुंक," बाजा माझ्याकडे सरकवत तो म्हणाला. "बघू तुझा दम किती राहिलाय ते."

अजून बराच राहिला होता. गल्ली दारातच थांबली.

मेरठचा पिस्टन माझ्या कपाटात आहे, तसाच, न बसवलेला. सुपारीच्या (ठरलेल्या कामाच्या) दिवशी दत्तूला उशीर झाला की मी तो हातात घेऊन, त्याला दिसेल असा, ओट्यावर उभा राहतो. मग पलीकडचं दार उघडतं आणि रुमाल घेऊन तो पायऱ्या उतरताना दिसतो. तेवढ्या वेळात मी पिस्टन आत ठेवून येतो.