तिच्या अक्षराची ओळख

नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मी तीन वर्षं हंगामी शिक्षक म्हणून पदार्थविज्ञान शिकवलं. दर एप्रिलमध्ये नोकरी संपायची आणि जूनमध्ये ती पुन्हा मिळेल की नाही, ते संस्थेच्या मर्जीवर असायचं. इथिओपियात विज्ञानाचे शिक्षक हवेत अशी जाहिरात वाचली आणि मी अर्ज टाकला. निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा आई अंगणात गहू निवडत होती.

"एवढ्या दूर काहून जाऊन राहिला गा?" ती म्हणाली. "इथल्या पोट्ट्यायले शिकवून झालं का सारं?"

"दोनच वर्षं, आई."

"दोन वर्षं थोडी असतात का?"

सत्तरचं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं. तिथला बादशहा जाऊन लष्कराचं राज्य आलंय, एवढं मला वर्तमानपत्रामुळे माहीत होतं. त्यापलीकडे काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नाही. नोकरी पक्की होती, मला तेवढं पुरेसं होतं.

मला मिळालेलं गाव उंच पठारावर होतं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला सोसवणार नाही अशी थंडी. सगळीकडे निलगिरीची झाडं आणि पत्र्याची छपरं. शाळेत आणखी एक भारतीय होते, केरळचे गणिताचे शिक्षक. ते पाच वर्षांपासून तिथं होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला घरी जेवायला नेलं आणि भात वाढता वाढता सांगितलं, "शिकव, घरी ये, दार लाव. इथं कोणाचं काही विचारू नकोस."

मी पाट्या टाकायला गेलो नव्हतो, पण पहिले पंधरा दिवस नुसती फजिती झाली. बेचाळीस मुलं, काही तर वीस-बावीस वर्षांची, मी वर्गात गेलो की ताडकन उभी राहायची. शिकवणं इंग्रजीत होतं, पण माझं इंग्रजी त्यांना कळेना आणि त्यांची नावं माझ्या जिभेवर येईनात. त्यांच्या भाषेत एक 'क' आहे, तो घशातच फुटतो. मी हजेरी घेऊ लागलो की वर्ग खाली मान घालून हसायचा.

पहिल्या बाकावर सतराएक वर्षांची एक मुलगी बसायची. एकदा तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "सर, तुम्ही आमची नावं मारून टाकता," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, फक्त खरं ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिनं एक मोठा कागद आणला. त्यावर बेचाळीस नावं तिच्या लिपीत, टपोऱ्या अक्षरात लिहिली होती. ती एकेक नाव म्हणायची आणि मी खाली देवनागरीत लिहून घ्यायचो. चुकलो की ती मान हलवायची, आणि पुन्हा. आठवडाभर मधल्या सुट्टीत आमचं हेच चालू होतं. तिच्या एका अक्षराची शेपटी डावीकडे लांब जाऊन वर वळायची. मला ती लिपी वाचता येत नव्हती, पण ते वळण डोळ्यांत बसलं. मग एके सकाळी मी अख्खी हजेरी न अडखळता घेतली आणि वर्गानं बाक वाजवले. परदेशात माझा जम बसला असं मला वाटलं ते त्या दिवशी. पुढे महिनाभर खरोखरच बरं चाललं.

त्यानंतर हजेरीत खाडे पडू लागले. आधी एक नाव, मग दोन. मी विचारलं तर मुलं खिडकीबाहेर बघायची. डायरेक्टरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला बोलावून सांगितलं की ज्या नावांवर लाल रेघ आहे ती पुकारू नका. मी पुकारणं बंद केलं.

एक दिवस तिसऱ्या तासाला शिपाई मला बोलवायला आला. डायरेक्टरांच्या खोलीत दोन माणसं होती. एक बंदूक घेतलेला, माझ्याहून लहान. दुसरा लष्करी सरकारनं नेमलेल्या मोहल्ला समितीचा, तपकिरी कोटातला. त्यानं टेबलावर एक कागद पसरला. सरकारविरोधी पत्रक होतं, हातानं लिहिलेलं.

"तुम्ही मुलांच्या वह्या तपासता," तो इंग्रजीत म्हणाला. "हे अक्षर कोणाचं?"

डावीकडे जाऊन वर वळलेली शेपटी मला पहिल्या ओळीतच दिसली. मग तिसऱ्या ओळीत.

"मी पदार्थविज्ञान शिकवतो," मी म्हणालो. "वह्या इंग्रजीत असतात. तुमची लिपी मला येत नाही."

"नीट बघा."

"येत नाही मला."

त्यानं डायरेक्टरांकडे पाहिलं. डायरेक्टर म्हणाले, "परदेशी आहे तो. त्याला काय कळणार?" मी वर्गात परतलो आणि प्रकाशाच्या परावर्तनाचं गणित जिथं सोडलं होतं तिथून पुढे सोडवलं. खडू दोनदा मोडला.

त्या माणसांनी मग भाषेच्या शिक्षकांकडून वह्यांचा गठ्ठा मागवला, ताडून पाहिलं आणि एक मुलगा उचलला. मागच्या बाकावरचा, अबोल. त्याचं अक्षर म्हणे त्या पत्रकातल्यासारखं होतं. दुपारच्या आधी, सगळ्यांच्या देखत, मैदानातून त्याला नेलं. तो ओरडलाही नाही. त्याची एक चप्पल मैदानात राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली. वही उघडली, पण काही लिहिलं नाही. तास संपल्यावर सगळे गेले तरी ती बसून होती.

"सर, तुम्हालाही तो कागद दाखवला?"

"हो."

"ओळखलंत?"

मी मान डोलावली.

"मग सांगितलं का नाही?"

मला वाटलं होतं ती आभार मानेल. निदान रडेल. ती माझ्याकडे उत्तराची वाट बघत राहिली, जशी नावं शिकवताना बघायची. "तुला वाचवायचं होतं" हे शब्द ओठांवर आले, पण मागचा बाक समोर रिकामा दिसत असताना ते बोलवले नाहीत.

"नावांचा कागद जाळून टाका," ती उठत म्हणाली. मी त्याच दिवशी चुलीत घातला.

तीन दिवसांनी ती आपणहून समितीच्या कचेरीत गेली. तिनं काय सांगितलं ते उघडच होतं. त्या मुलाला काही त्यांनी लगेच सोडलं नाही, आणि तिलाही ठेवून घेतलं.

पावसाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा तो मुलगा परत आला. त्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं. मी त्याला पहिल्या बाकावर बसवायला गेलो, तर तो मुकाट्यानं उठून पुन्हा मागे जाऊन बसला. ती आली नाही. तिच्या नावावर लाल रेघ कोणी मारली मला ठाऊक नाही. मी मारली नव्हती.

करार संपेपर्यंत मी तिथं राहिलो, कारण मध्येच सोडायची सोय नव्हती. मुलांना परीक्षेला बसवलं, निकाल चांगला लागला. नागपूरला आलो, लग्न झालं, तिथल्याच जरीपटका भागातल्या एका शाळेत कायम झालो. इथिओपियात काय झालं हे मी घरी सांगितलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी केरळच्या त्या शिक्षकांचं पत्र आलं. ते तिथली नोकरी संपवून दिल्लीमार्गे गावी परतणार होते आणि गाडी नागपूरला थांबणार होती. मी फलाटावर गेलो. ते पार म्हातारे झाले होते. डब्याच्या दारात उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं की तो मुलगा कॉफीच्या गोदामात कारकून आहे, दोन मुलं आहेत. तिचं मी विचारलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला तो कागद दाखवला असता तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

मी आणून दिलेल्या चहाचा पेला त्यांनी परत माझ्या हातात दिला. "मला विचारलंच नाही त्यांनी," ते म्हणाले. "त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो."

गाडी हलली. त्यांनी हात हलवला, मीही हलवला. फलाट रिकामा होईपर्यंत मी एका बाकड्यावर बसून राहिलो आणि मग सायकल काढून शाळेकडे निघालो.