बॅटरीचं शुद्ध पाणी

आमच्या पिकअपची बॅटरी बाईमुळे मेली, असं गावात अजूनही दोन-चार जण सांगतात. सांगू द्या. बाईमुळेच मेली म्हणा. पण कशी मेली ते आता माझ्या तोंडून ऐका. लिहिताना मी शाळेत शिकवलेली भाषा लिहीन. राग आला की मात्र माझी जीभ आपोआप घरच्या बोलीवर येते, तेवढं चालवून घ्या.

मी बॅटरीवाल्याची पोर. मलकापुरात हायवेच्या कडेला माझ्या बाबांचं पत्र्याचं दुकान आहे. चार्जिंग, दुरुस्ती, जुनी देऊन नवी. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी टर्मिनलवर चढलेलं क्षाराचं पांढरं-हिरवं फूल खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचे. अ‍ॅसिडनं भोकं पडलेला फ्रॉक घालून मी शाळेत गेलेली आहे. लग्न होऊन जानेफळकडच्या या शेतकरी घरात आले, तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारलं. हे येतं का, ते कोणी विचारलं नाही.

घरात पिकअप होती. आमचे हे शाळेत क्लार्क. गाडी चालवायचं नाव काढलं की त्यांना घाम फुटतो. मोठ्या दिरांना चालवता येते, पण शेत सोडून रोज बाजाराला जायला ते तयार नव्हते. एक ड्रायव्हर ठेवला, तो न सांगता पळाला. दुसरा ठेवला, तो प्यायचा. तिसरा शोधायला निघाले तेव्हा मी म्हटलं, बस झालं, मीच शिकते. शिकले, लायसन काढलं, आणि गावातली मेथी, टमाटे, मिरची रोज सकाळी मेहकरच्या बाजारात पोचवायला लागले. पाच वर्षं झाली. गावाबाहेर पडले की तासभर मला कोणी हाक मारत नाही, काही मागत नाही. आयुष्यात तेवढा एक तास माझा आहे. त्याच्यासाठी मी कोणाशीही भांडेन.

मोठ्या दिरांना हे कधीच पटलं नाही. त्यात डॅशबोर्डवर देवाचा फोटो. आमच्या घरात त्या चार दिवसांत बाईनं देवघरात पाऊल टाकायचं नाही. ते मी पाळत होते. पण गाडीवर बसायचं सोडलं नाही. फोटो आहे तर असू दे. मेथी काही चार दिवस थांबत नाही, पिवळी पडते. दीर पुटपुटायचे. सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत. त्यांना चालतंय, असं मी धरून चालले. तिथंच चुकले.

गेल्या वर्षी जुनी बॅटरी दमली. दीर म्हणाले, "ट्रॅक्टरची टाक. मोठी म्हंजे दमदार."

मी म्हटलं, "भाऊजी, बैल दमदार हाय म्हणून त्याले घरात बांधता का? जागेत बसली पायजे ना."

बॅटरी घ्यायला अक्कल लागते, आणि ती मिशीत नसते. गाडीच्या पुस्तकात जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्याची घ्यायची. प्लस कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं, नाहीतर केबल पोचत नाही, मग लोक वायरीला ठिगळं जोडत बसतात. बनवल्याचा महिना पाहायचा, कारण दुकानात धूळ खात पडलेली बॅटरी बसल्याजागी म्हातारी होते. घरातल्या इन्व्हर्टरची तर चुकूनही नको. ती सावकाश देणारी. डिझेल इंजिनाला सकाळी एक दणका लागतो. आणि बसवली की वरची पट्टी घट्ट आवळायची, आमचे रस्ते तिला जिवंत ठेवत नाहीत. मी मुद्दाम पाणी टाकायची घेतली. बिनपाण्याच्या मिळतात, पण जे उघडून पाहता येत नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही.

बसवली आणि ओट्यावर उभी राहून सगळ्यांना बजावलं, "हिच्यात कोणी हात घालू नका. हिले फक्त शुद्ध पाणी लागते."

डिस्टिल्ड वॉटर म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला वाटलं, घरच्यांना कळेल असं सोपं करून सांगावं. फार शहाणी मी!

आठ महिने नीट गेले. पुढं पुढं सेल्फ जरा जड फिरायला लागला, पण थंडी होती, मी तिच्यावर ढकललं. बॅटरीवाल्याची पोर असून बुचं उघडून पाहिली नाहीत, हा माझा गुन्हा, तो मी कबूल करते. एका बुधवारी सकाळी मिरचीचे कट्टे भरलेले, शेतकरी भोवती उभे, मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

त्या दिवशी माझा तिसरा दिवस होता, आणि ते गल्लीला माहीत होतं. आमच्याकडे पूजेची फुलं एरवी मी तोडते. सासूबाई परडी घेऊन दिसल्या की गल्लीला सांगावं लागत नाही.

दीर ओट्यावरून उतरले. "पाह्यलं? देवाच्या बाजूले बसते अन् वरून इचारते, गाडी काऊन बंद पडली!"

कोणीतरी हसलं. चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू केली, आणि स्टेअरिंगवर दीर बसले. मी खाली उभी. दुपारी परत आले ते सरळ देवघरात गेले आणि देव्हाऱ्याच्या बाजूच्या खिळ्याला चावी अडकवली. "आजपासून चावी इथं राहीन. तुले जवा आत येता येते तवा घेजो. बाकीचे चार दिवस मी पाहतो."

किती सफाईनं केलं पाहा. गाडी चालवू नको, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. आमचे हे म्हणाले, "पाहू, पाहू." बारा वर्षं झाली, त्यांचं पाहणं चालूच आहे.

"मेली बॅटरी," मी म्हटलं, "अन् सुतक मले?"

मी पाना घेतला, आधी मायनस सोडली, मग प्लस, आणि बॅटरी उचलून बाहेर काढली. शेजाऱ्यांचा टेम्पो दुसऱ्या दिवशी मलकापूरला कापूस घेऊन चालला होता, त्यात तिला घेऊन बसले.

बाबांनी चष्मा चढवला, बुचं उघडली, काचेच्या नळीत पाणी ओढून उजेडात धरलं. पाणी गढूळ होतं.

"कोणतं पाणी पाजलं हिले?"

"एकदाच टाकलं, बाबा, तुमच्याच दुकानातलं. डिस्टिल."

"बॅटरीवाल्याची पोर होऊन बापाले बनवतं?" त्यांनी एक बूच उलटं करून माझ्यापुढं धरलं. आतल्या बाजूला सुकलेलं, काळं पडलेलं पान चिकटलं होतं. लहानसं, कडा कातरलेल्या. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत राहिलो. "या दुकानात लोकायनं बॅटरीत दारू टाकलेली पाह्यली म्या," बाबा म्हणाले. "तुळस पयल्यांदाच."

मला तिथल्या तिथं कळलं.

घरी आले तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. नवी बॅटरी दारात ठेवली आणि बूच त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

"म्या टाकलं. दर अवसेले, पळी-पळी. तूच म्हणली होती ना, हिले शुद्ध पाणी लागते? घरात गंगाजळापेक्षा शुद्ध काय हाय?"

"एवढुशी ती गंगाजळाची लोटी, आत्याबाई. एवढे महिने पुरली कशी?"

"इहिरीच्या पाण्यात थेंब टाकला की सगळी गंगाच असते वं."

आमच्या विहिरीचं पाणी असं की आठ दिवसांत हंड्याला आतून पांढरा थर धरतं. तेच सहाही खान्यांत गेलं होतं, वर तुळशीचं पान. मी डोक्याला हात लावला. "पण काऊन?"

त्या खाली पाहत म्हणाल्या, "तू त्या चार दिवसातबी देवाजवळ बसतं. लोकं बोलून राह्यले होते. तुले थांब म्हणाची मले हिंमत नाई झाली, अन् तू ऐकणारीबी नाई. म्हटलं, तुह्या मागून मीच शुद्ध करून घेतो. तुही गाडी बंद पडू नये म्हणून केलं वं."

मला रडूही आलं आणि रागही आला. राग जास्त होता. या बाईनं माझ्या बाजूनं उभं राहायला म्हणून माझीच घाण धुवून काढली होती, महिन्याच्या महिन्याला, मला न सांगता.

"मी घाण हाय का, आत्याबाई? सरळ सांगा."

"तसं नाई वं."

"मंग कसं?"

त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपली, तरी त्यांनी उलटली नाही.

दिरांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विषय मिटला असता: पाण्यानं मेली, सूनबाई सुटली. पण मला सुटायचं नव्हतं. मी काय चोरी केली होती सुटायला? बॅटरी बसवली, प्लस आधी, मायनस नंतर, टर्मिनलवर व्हॅसलीनचा हात फिरवला, आणि वाट पाहत बसले. पाळी काही दिरांना विचारून येत नाही. पुढच्या महिन्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टमाट्याचे कॅरेट गाडीत चढले. दीर ओट्यावर चहा पीत बसले होते, पायात चप्पल घालून, तयारीनं. मी त्यांच्यासमोरून घरात गेले. देवघराच्या उंबऱ्यापाशी माझे पाय आपोआप थांबले. बारा वर्षांची सवय, पायांना काय माहीत! आत सासूबाई पाटावर बसून देव पुसत होत्या, आणि चावी त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला.

"थांब!" मागून दिरांचा आवाज आला. "आई, अडव तिले!"

मी उंबरा ओलांडला. मी हात वर केला, पण पोचेना. खिळ्याखाली सासूबाईंचा पाट होता आणि बाजूला समई जळत होती. त्यांना ओलांडल्याशिवाय चावी मिळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या पोराकडे.

"बॅटरी म्या मारली रे," त्या म्हणाल्या. "पाणी टाकू टाकू. इचं काई नाई त्याच्यात."

"अवं पण ते देवघर हाय! देव बाटते!"

सासूबाईंनी हातातला देव ताम्हनात ठेवला, एका हातानं समई सावरली आणि पाट बाजूला सरकवला.

"देव काय बॅटरी हाय का रे," त्या म्हणाल्या, "असा मरायले?"

मी चावी काढली. गाडी पहिल्याच टिचकीला सुरू झाली. तो खिळा आता रिकामा आहे. चावी माझ्या कमरेला असते, ते चार दिवसही आणि बाकीचे सव्वीसही.