दचकणाऱ्याचं कॅलिबर

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनजवळच्या बंदुकांच्या दुकानातल्या विक्रेत्याला सगळे एकच विचारतात: हरणापासून रानडुकरापर्यंत सगळ्याला चालेल असं कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, कोणतं? तो चष्मा पुसतो, "आल्झो...", म्हणजे 'तर मग', म्हणतो आणि उलट विचारतो, "सध्या कोणतं वापरता?"

मीही माझी रायफल घेऊन गेले. आदल्या आठवड्यात माझ्या गोळीने रानडुक्कर नुसतं जखमी झालं होतं. माग काढणाऱ्या कुत्र्याने शोधेपर्यंत रात्रभर ते तडफडत राहिलं.

"माझी थ्री-नॉट-एट कमी पडते," मी म्हणाले. "त्याहून मोठी नाइन-पॉइंट-थ्री दाखवा."

तो मला तळघरातल्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. पाठमोरा उभा राहून त्याने माझीच रायफल भरली आणि हातात दिली. मी चाप ओढला. बार झालाच नाही, पण नळी झटक्यात खाली गेली. काडतूस बिनदारूचं होतं.

"गेनाऊ, अगदी हेच," तो म्हणाला. "झी मुकन. चाप ओढताना तुम्ही दचकता. मोठ्या रायफलीने आणखी दचकाल."

जर्मनमध्ये मुकन म्हणजे असं दचकणं. मला मराठीतलं मुकणं ऐकू आलं, आणि तेही खरंच होतं: दचकून मी नेमाला मुकत होते.

"मग काय घेऊ?"

"काही नाही. आधी हे घालवा."

राग आला. पण त्या मोसमात मी पुन्हा शिकारीला गेले नाही.