एकाच ठशाची पाच नाणी

आमच्या ह्यांना डिमोनात नाण्यांचं वेड लागलं. सोन्याचांदीची असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण ही बसवाल्यानं परत दिलेली पिवळी दहा अगोरोत, म्हणजे इथली दहा पैशांची चिल्लर. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून घरी यायचे, बूट काढायचे आणि भिंग डोळ्याला लावून जेवणाच्या टेबलाशी बसायचे. टांकसाळीत ज्या ठशानं नाणं पाडतात तो झिजला की नवा करतात, आणि नवा अगदी जुन्यासारखा होतोच असं नाही, म्हणून एकाच सालच्या नाण्यांवर अक्षरं कुठे जाड येतात, कुठे बारीक. हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. ह्यांना हवी असायची बारीक अक्षरांची, कारण ती कमी सापडतात. एक सापडलं होतं. ते सापडलं त्या दिवशी आमच्याकडे मटण शिजलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्याच सुमाराला आमचा मुलगा फौजेत होता, लेबनॉनच्या बाजूला. सासूबाई ठाण्याच्या. आम्हा मराठी यहुद्यांत कुणी असा संकटाच्या जागी गेला की आमच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताचं नाव घेऊन एक नाणं पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवतात. माणूस धड परत आला की तेच नाणं वाहायचं आणि मलिदा करायचा. मधे सोडायचं नाही, बदलायचं नाही. इकडे आल्यापासून आम्ही ते हैफाला नबीच्या गुहेतल्या पेटीत टाकतो. सासूबाईंनी दाराजवळच्या वाटीतलं एक दहा अगोरोत उचललं, बांधलं आणि कपाटात चादरींच्या वर ठेवलं.

आता त्या वाटीत हे न तपासलेली नाणी टाकत. एक नाणं भिंगाखालून न जाता कपाटात गेलंय, हे ह्यांच्या जिवाला लागलं. सासूबाई आमच्या यहुदी देवळात गेल्याची संधी साधून ह्यांनी गाठ सोडली. निघालं बारीक अक्षरांचं. ह्यांनी ते काढून घेतलं, दुसरं साधं दहा अगोरोत ठेवलं, गाठ होती तशी मारली. एक आपल्याकडे आहे, म्हणजे हे बदलीला मोकळं, असं म्हणून बीरशेबाला जाऊन एका रशियन घड्याळजीला देऊन आले. त्याच्याकडून एक शेकेल, म्हणजे शंभर अगोरोतचं नाणं, आणलं, ज्याची मागची बाजू टांकसाळीत तिरकी पडली होती. हे सगळं मला जेवताना सांगितलं, छाती फुगवून.

मी पळी पातेल्यात टाकली.

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं.

"दहाच्या जागी दहाच ठेवलंय," हे म्हणाले. "उलट जास्त चकचकीत आहे."

मी नवससायासवाली बाई नाही. पण दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बात, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागायच्या आत मुलाचा फोन यायचा, तो त्या शुक्रवारी आला नाही. मी टेलिफोन उचलून चालू आहे का ते बघत होते. सासूबाई मात्र शांत. "मी बांधलंय ना," म्हणाल्या आणि मेणबत्त्या लावायला गेल्या. त्यांची ती शांती मला बघवेना. फडक्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. भीती म्हणजे काय ते मला त्या रात्री समजलं, आणि ह्यांनाही समजलं असावं, कारण भिंगाला हात लागला नाही.

रविवार म्हणजे इथे कामाचा वार, पण दांडी मारून आम्ही दोघं बीरशेबाला गेलो. ह्यांनी तिरका शेकेल काउंटरवर ठेवला आणि आपलं नाणं परत मागितलं. घड्याळजीनं एक डबी उघडली. आत बारीक अक्षरांची पाच दहा अगोरोत.

"तुमचं घ्या," तो म्हणाला.

हे भिंग लावून वाकले. एकेक नाणं उलटंपालटं केलं, पुन्हा केलं. घड्याळजीनं मला स्टूल दिलं.

"सगळी एकाच ठशाची आहेत," हे शेवटी म्हणाले.

"मग आईंचं कुठलं?"

"तेच तर कळत नाही."

जाड आणि बारीक ओळखायला शिकण्यात ह्या माणसानं माझ्या संसाराची वर्षं घालवली. आणि आपल्या आईचं नाणं ओळखता येईना. मला हसूही येईना. ह्यांनी शेकेल तर दिलाच, वर खिशातून स्वतःचं ते पहिलं, मटणवालं नाणं काढून दिलं, आणि पाचही घेतली. घरी येऊन फडक्यातलं साधं नाणं काढलं आणि पाचही बांधली, त्यात आईंचं असणारच म्हणून. सासूबाईंना सांगायचं धाडस दोघांतही नव्हतं.

सोमवारी मुलाचा फोन आला. तिकडची लाइन बिघडली होती म्हणे.

पुढे तो रजेवर आला तेव्हा सगळे हैफाला गेलो. गुहेत सासूबाईंनी गाठ सोडली आणि पाच नाणी तळहातावर आली. मी भिंतीकडे बघायला लागले.

"मी एकच बांधलं होतं," त्या म्हणाल्या.

"पाच का, सावता?" मुलानं आजीला हिब्रूत विचारलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. ह्यांनी जन्मात कधी नवस केला नव्हता, मलिद्यातलं खोबरं तेवढं वेचून खायचे.

"बाकीची तू बांधलीस होय रे?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मी समजत होते, तुला पोराची काळजीच नाही."

मी तोंड उघडणार होते. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

"हो, आई," हे म्हणाले, आणि गुहेतल्या एवढ्या माणसांदेखत ढसाढसा रडायला लागले.