काकूंच्या खिडकीसमोरची भिंत

पेंटरला लहानपणापासून एक खोड. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे शिडीवर चढून कुठल्याही खिडकीत डोकावायची आयतीच सोय. बायको म्हणायची, "तुमचा ब्रश पाटीवर आणि डोळे लोकांच्या घरात."

चर्चमध्येही तो असाच शिरला. गेला होता फाटक रंगवायला. आतून बाहेर पडणाऱ्या माणसांत त्याला गल्लीतला तिरसट किराणावाला दिसला, आणि तो चक्क हसत होता. ह्याला आत मिळतं तरी काय, म्हणून पुढच्या रविवारी पेंटर मागच्या बाकावर जाऊन बसला. तो मामाच्या घरी वाढलेला. 'हे एक जास्तीचं तोंड' हे वाक्य त्यानं तिथं रोज घासाबरोबर गिळलं होतं. त्या बाकावर त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपण कुणाला तरी हवे होतो, जन्मायच्याही आधीपासून. आतून उजळल्यासारखं झालं. फाटकाचा रंग कधीच वाळला, पेंटर मात्र तिथलाच झाला.

पंचाईत पुढं झाली. मिळालेला उजेड दुसऱ्याला द्यावा, असं चर्चचे पाळकसाहेब सांगत, आणि मंडळीतले लोक उभं राहून आपापली हकीकत सांगत. पेंटरची पाळी आली की जीभ टाळ्याला चिकटायची. जगाची चौकशी करणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल एक शब्द बोलता येईना! शेवटी त्यानं ठरवलं, तोंड चालत नाही तर ब्रश चालवू.

त्याच्या घराची एक भिंत बोळाकडे होती, पांढरीशुभ्र. ती त्यानं गडद निळी रंगवली, दोरीनं रेघा आखल्या, आणि पिवळ्याजर्द अक्षरांत बायबलमधलं प्रभूचं उजेडाबद्दलचं वचन लिहिलं. अक्षरं अशी उठली, की बोळात शिरणारा थबकायचाच. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. येत्या रविवारी दुसऱ्या चर्चची मंडळी भिंत बघायला येणार, असंही ठरलं. पेंटर जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागला.

मग जुनी खोड जागी झाली. बोळाच्या पलीकडे, बरोब्बर त्या भिंतीसमोर, रफूवाल्या काकूंची खोली होती. त्यांच्या खिडकीत हल्ली भर दुपारी दिवा दिसायचा. काकू काटकसरी बाई, उगाच दिवा लावणाऱ्यातल्या नव्हेत. डोळे अधू झाले की काय? की काम फार वाढलंय? पण काम वाढलं म्हणावं, तर त्यांच्याकडून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या.

"तर्क कसले लढवताय? जाऊन विचारा की," बायको म्हणाली.

जायला निमित्त हवं, म्हणून त्यानं आपल्या धडधाकट पँटला खिळ्यानं भोक पाडलं.

काकू दिव्याखाली कोटाची बाही धरून बसल्या होत्या. त्यांनी दोऱ्याची दोन रिळं पुढं केली. "यातलं काळं कुठलं आणि निळं कुठलं, सांगा बरं."

सगळा जन्म रंगात गेलेल्या पेंटरलाही सांगता येईना. दिव्याच्या पिवळट उजेडात दोन्ही सारखीच.

"असं होतं बघा. परवा काळ्या कोटाला निळा दोरा लागला, गिऱ्हाईक वाट्टेल ते बोलून गेलं. रफूला दिवसाचाच उजेड लागतो हो. आता हे बंद करून धाकट्या बहिणीकडे जावं म्हणते. तिच्या दारात पडून राहायचं, दुसरं काय."

"पण मग आधी कसं जमायचं?"

काकूंनी नुसतं खिडकीबाहेर बघितलं. पेंटर खिडकीशी गेला. बोळ इतका अरुंद, की काकूंच्या खोलीत ऊन कधी थेट येतच नव्हतं. ते पडायचं त्याच्या भिंतीवर, आणि पांढऱ्या रंगावरून उलटून इकडे यायचं. आता ती निळी भिंत आलेलं सगळं ऊन पिऊन टाकत होती.

"काकू, एका शब्दानं बोलायचं तरी!"

"देवाचं लिहिलेलं ते. त्याला नको कसं म्हणायचं?"

घरी त्याला जेवण जाईना. ती भिंत पुसली, की आपण पुन्हा मागच्या बाकावरचे मुके. शिवाय पाहुणे यायचे होते. पण बहिणीच्या दारातलं जास्तीचं तोंड म्हणजे काय, हे त्या बोळात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? सकाळी उठून त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा फोडला.

पाळकसाहेब धावतच आले. "अहो, रविवारी पाहुणे येतायत! वचन कुठं गेलं?"

पेंटरची जीभ पुन्हा चिकटली. त्यानं नुसता ब्रश काकूंच्या खिडकीकडे केला. पाळकसाहेब तिकडं जाऊन आत बघून आले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि शिडी धरली. निळा रंग मोठा चिवट, पांढऱ्याचे हातावर हात दिले तेव्हा कुठं दबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटर पँट आणायला गेला, तेव्हा दिवा विझलेला होता. काकू खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होत्या.

"भोक मुद्दाम पाडलेलं होतं, कळतं मला," त्या म्हणाल्या. मग दोऱ्याला गाठ मारत, "एक विचारू? त्या भिंतीवर लिहिलं काय होतं?"

"तुमच्या डोळ्यांसमोरच तर होतं की!"

"होतं. पण खरं सांगू? रागानं मी ते कधी वाचलंच नाही."

पेंटर उंबऱ्यावर टेकला. पँट मांडीवर घेतली, आणि मामाच्या घरापासून सांगायला लागला.